तिकोनी प्लॉट

जमिनीच्या बाजारात तिला सगळे बाई म्हणत. मोकळी जमीन घाऊक उचलायची, प्लॉट पाडायचे, खुणेचे दगड रोवायचे आणि दगडांवरचा चुना वाळायच्या आत विकून मोकळं व्हायचं, असा तिचा खाक्या. जमीन हातात राहिली की तिच्या अंगाला मुंग्या यायच्या. घरात जेवतानाही ती फोन कानाला लावून फेऱ्या मारी आणि भात ताटात गार होई.

नवरा अगदी उलटा. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. खिडकीपाशी टेबल, मेणाचे साचे, प्लास्टरनं पांढरी झालेली बोटं. एकेक दात घासत तास न् तास बसायचा. गेल्या वर्षी चांगला भाव आला म्हणून बाईनं राहतं घरच विकलं. कागदावर ते तिच्या नावावर होतं. नवऱ्याला कळलं तेव्हा इसार घेऊन झाला होता. त्यानं टेबल भाड्याच्या घरात हलवलं, पण तिथल्या खिडकीत ऊन येत नव्हतं. दिवसाढवळ्या दिवा लावून तो दातांचे रंग जुळवू लागला.

यंदा बाईनं बंद कारखान्याचं मागचं सगळं मैदान उचललं. प्लॉट भराभर गेले. राहिला एकच, ओढ्याकडेचा तिकोनी. लोक येत, बघत आणि नाक मुरडून जात. पुढच्या जमिनीची बोलणी पैशांवाचून अडली होती. बाईचा जीव टांगणीला लागला.

एक दिवस चष्मेवाल्या दलालाचा फोन आला. “बाई, गिऱ्हाईक मिळालंय. पण समोर यायला तयार नाही.”

“भूत आहे का काय?”

“लाजाळू आहे म्हणा.”

“त्याला सांग, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. भाव वाढवून दे म्हणावं.”

दुसरं गिऱ्हाईक कुठलं! पण लाजाळू माणसानं मुकाट भाव वाढवून दिला. बाई खूश झाली.

नोंदणी कार्यालयात ती घाईघाईनं शिरली. बाकावर दलाल मान खाली घालून बसला होता. शेजारी तिचा नवरा, इस्त्रीचा शर्ट घालून.

“अहो, तुम्ही इथे कसे?”

“सही करायला.”

तिला क्षणभर कळेना. मग कळलं आणि कानशिलं तापली.

“माझ्याकडे मागायचा होतात ना! दिला नसता का मी?”

“दिला असतास गं. आणि चांगला भाव आला की विकलाही असतास.”

ती हळूच म्हणाली, “दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.”

“माहीत आहे. घासाघीस केली असती तर गिऱ्हाईक कोण ते तू खणून काढलं असतंस. रात्री जादाचे दात करून पैसे जमवलेत, तेवढे घे.”

कारकुनानं हाक मारली. सही न करता उठून जावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण त्याच्या नखांतलं प्लास्टर दिसलं आणि तिनं सही ठोकली.

संध्याकाळी दोघं प्लॉटवर गेली. काठीनं रेघ ओढत तो म्हणाला, “टेबल इथे. उत्तरेचा उजेड.” ती कडेकडेनं येरझाऱ्या घालत होती. “तीन कोपऱ्यांची खोली? पुढे कुणी घेणार नाही हो!”

“बरंच आहे की.”

तेवढ्यात फोन वाजला. दलालच होता. शेजारच्या प्लॉटवाल्याला अंगण वाढवायचं होतं, भाव दीडपट. बाईच्या तोंडाला पाणी सुटलं. नवरा रेघ ओढायचा थांबला, पण त्यानं वर पाहिलं नाही.

“मालक विकत नाहीत,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तो आकडा पुढे कितीतरी दिवस तिच्या डोक्यात घोंघावत राहिला. घर बांधून झालं, टेबल उजेडात आलं, तरी ती कधीमधी म्हणे, “दीडपट हो, दीडपट!” तो दात उजेडाकडे धरून विचारी, “हा जरा पिवळट वाटतो का गं?” मग ती फोन कानाला तसाच ठेवून जवळ येई आणि वाकून बघे.