कपाटातला मास्तर

मी मास्तर. शाळेतला नव्हे, कपाटातला. कागदोपत्री माझं नाव 'मास्टर पीस', पण एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? शिवाय काम मास्तरकीचंच, म्हणून कारखान्यात मी मास्तर झालो. खरं तर मी आहे कानाचं मशीन, कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानामागे बसतं ते. गंमत अशी की मी कुणाच्याच कानामागे बसलेलो नाही.

जोडणीच्या टेबलावर माझ्याबरोबर कितीतरी भावंडं जन्मली. तपासणीत त्या सगळ्यांत मी सरस निघालो आणि तिथंच माझं नशीब फुटलं. "हा विकायचा नाही," मालक म्हणाले. "इथून पुढे प्रत्येक पीस हुबेहूब याच्यासारखा हवा." भावंडं डब्यांत बसून जग बघायला गेली. मला लोखंडी कपाट मिळालं, फोममध्ये माझ्याच मापाचा खड्डा आणि वर कुलूप. पहिला नंबर आल्याची शिक्षा याहून वेगळी काय असते?

रोज सकाळी वहिनी मला बाहेर काढायच्या. वहिनी म्हणजे तपासणी विभागाच्या प्रमुख. त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. "चला मास्तर, वर्ग भरला," असं म्हणून त्या मला आवाजाच्या पेटीत ठेवायच्या. पेटीत कुणा गृहस्थाचा रेकॉर्ड केलेला आवाज लागे, "सून. साठ. शेत. फूल." आधी मी ऐकायचं, मग नव्या पीसनं. वहिनी इयरफोन लावून दोघांची तुलना करत. जुळलं की पास. मग मी परत खड्ड्यात. माणसाचं बोलणं म्हणजे माझ्यासाठी हे चार शब्द, आणि कपाटाच्या फटीतून जे काही आत येई ते.

त्या फटीतून मी बरंच ऐकलं. आवाज पकडणारा आमचा इवलासा पडदा पूर्वी दोन ठिकाणांहून यायचा. खरेदीवाल्या साहेबांनी (माघारी सगळे त्यांना घासाघीस म्हणतात) दोघांना एकमेकांशी झुंजवलं आणि सगळा माल स्वस्तवाल्याकडून घ्यायला सुरुवात केली. पेढे नाहीत वाटले एवढंच, बाकी कौतुक मायंदाळ झालं. दुसऱ्याचा छोटा कारखाना ऑर्डरीविना बंद पडला. मग स्वस्तवाल्याला मोबाइलवाली बडी गिऱ्हाइकं मिळाली आणि त्यानं आम्हाला चक्क वाटाण्याच्या अक्षता लावल्या. साहेब धावत जुन्याकडे गेले, तर तिथं दाराला टाळं. माझं स्पष्ट मत आहे, ज्याच्यावाचून आपलं अडतं त्याला उपाशी ठेवू नये. पण माझं मत विचारतंय कोण?

शेवटी कुठून तरी तिसऱ्याच कुणाचे पडदे आले. नवे पीस तयार झाले. वहिनींनी मला काढलं, तुलना केली, पुन्हा केली आणि साहेबांना नि मालकांना बोलावून घेतलं.

"मास्तर म्हणतात 'सून', हे म्हणतात 'ऊन'," वहिनी म्हणाल्या. "मास्तर म्हणतात 'साठ', हे म्हणतात 'आठ'. स, श, फ पार गळून जातायत."

"ऊन हासुद्धा शब्दच आहे की!" घासाघीस म्हणाले. "आवाज येतोय ना? मग झालं तर."

"साहेब, समोरचा काय बोलला ते कळायला नको?"

"बरं, मला एक सांगा. नवे सगळे पीस एकसारखे आहेत?"

"एकसारखे आहेत."

"मग वेगळा कोण? हाच ना?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मास्टर बदला."

मला वाटलं, मालक हसतील. मालक हसले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि डोळे चोळत म्हणाले, "वहिनी, हा माल गेला नाही तर जोडणीचं टेबल बंद करावं लागेल. तिथं काम करणाऱ्या पोरी कुठे जातील? तात्पुरतं करू. चांगले पडदे मिळाले की मास्तरांना परत आणू."

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. मला फार राग आला. अजूनही पुरता गेलेला नाही.

माझ्या खड्ड्यात नवा मास्तर बसला. मी खालच्या ड्रॉवरमध्ये आलो, अंगावर 'बाद' असं लाल स्टिकर. पण नियम असा, की हे मॉडेल लोकांच्या कानांवर आहे तोवर जुना मास्टर फेकायचा नाही, पुरावा म्हणून जपायचा. म्हणजे शिकवायचं नाही, विकलं जायचं नाही आणि मरायचंही नाही.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना वहिनी बहिणीशी फोनवर बोलत होत्या. त्यांच्या सासऱ्यांचं जुनं मशीन बिघडलं होतं. दुसरा माल नव्हताच, म्हणून वहिनींनी नव्या मालातलंच एक घरी नेलं होतं.

"ऐकू येतं गं बाबांना, तसं नाही. पण रुसून बसलेत. म्हणतात, तुम्ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता, म्हातारा झालो म्हणून मुद्दाम करता. काल ताट घेऊन एकटेच आतल्या खोलीत जाऊन जेवले." पलीकडून बहिणीनं काहीतरी विचारलं असावं. "मशीनला नाही गं दोष देत. मशीन म्हणे तुझ्या हातून पास झालंय, ते कसं चुकेल? खोट तुमच्यातच."

फोन ठेवून त्यांनी ड्रॉवर उघडला. मला बॅटरी घातली आणि स्वतःच्या कानामागे बसवलं. माझा पहिला कान! किती ऊबदार असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "बाबा, जेवायला बसा." मी त्यातला 'स' जीव ओतून त्यांच्या कानात पोचवला. वहिनींनी ओठ घट्ट मिटून घेतले.

त्यांची पर्स टेबलावर उघडीच होती. त्यांनी मला तिच्यात टाकलंसुद्धा. मी रुमालावर पडलो आणि हरखून गेलो. मग त्यांचा हात परत आत आला.

"तुम्ही गेलात मास्तर, तर हे मशीन चुकतंय असं म्हणायला पुरावाच उरणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी बॅटरी काढली, मला ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे, म्हणूनच जास्त घुसमटतं. चांगले पडदे आले की नाही, अजून कुणी बोललेलं ऐकलं नाही. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस म्हणालं, की तुम्ही हल्ली नीट बोलत नाही, तर त्याच्यावर खेकसू नका. ते खोटं बोलत नाहीये. आणि कधी तुमच्या हाती या ड्रॉवरची किल्ली आलीच, तर मला त्या आजोबांकडे न्या. पुरावा म्हणून जगून झालं माझं. त्यांच्या घरातली माणसं त्यांच्याशी अजून स्पष्टच बोलतात, एवढं त्यांना एकदा ऐकू द्या.