मुकी घळ आणि नऊ लाल दोरे

कात्री ठेव खाली, जिपार! ठेव म्हणते ना. मळके असू देत, मनगटावरचे हे दोरे कापायचे नाहीत. एकदा कापले ते पुष्कळ झालं. सांगते. आधी चहा ओत, आणि मधे बोलू नका, नाहीतर मी कुठल्या कुठे जाते.

तर आमचं ठाणं तुम्हाला माहितीये, खिंडीच्या वर, दोन खोल्या आणि एक डांब. काम काय, तर बर्फाचे लोट मोजायचे. खालच्या रस्त्यावर एकसष्ट घळी उतरतात. प्रत्येक घळीला नंबर, आणि ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं नाव. एकोणचाळीस नंबर म्हणजे मुकी. बाकीच्या येताना गडगडतात तरी, ही येते ती मांजरासारखी. आणि तेमिरकुल आके, आमचे म्हातारे, ठाण्याचे थोरले दादा, त्यांच्याकडे एक लाकडी पेटी. एकसष्ट खण. ज्या घळीचा लोट आला, त्याचं कार्ड त्या घळीच्या खणात. तारीख, वाजले किती, केवढा आला. शेहेचाळीस हिवाळ्यांची कार्डं, हसू नका, एकही हिवाळा चुकलेला नाही.

आणि मी? मी नवीन, हुशार, शहरातून शिकून आलेली. वरच्या ऑफिसातून निरोप आला की सगळं कॉम्प्युटरवर हवं, वर्षावार. मग मी ऑक्टोबरात बसले आणि सगळे खण उपडे केले. हिवाळ्याप्रमाणे गठ्ठे बांधले, रबर लावून, वर छान लेबलं. काय सुंदर दिसत होतं! आके बघत उभे. म्हणाले, "पोरी, तू खिचडी केलीस."

मी म्हटलं, "आके, आता तर नीट लागलंय. कुठलंही वर्ष मागा, एका मिनिटात देते."

"मला वर्ष कशाला हवंय? वर्ष काय माझ्या डोक्यावर पडणार आहे?"

आम्ही खूप हसलो होतो तेव्हा. मीच जास्त.

आणि दोरे. नऊ खणांत सगळ्यात वरच्या कार्डाच्या भोकातून एकेक लाल लोकरीचा दोरा ओवलेला होता. कॉम्प्युटरसाठी कार्डांचे फोटो काढताना काचेखाली ते मधे यायचे, म्हणून मी कापले. मला वाटलं, असंच कोणीतरी शोभेला बांधलेत. चांगली लोकर, टाकायची कशाला, म्हणून वेणी घालून मनगटावर बांधली. ही.

आता मार्च. माझी पाळी संपली, मी खाली निघाले. ठाण्याची जीप, ओस्कोन आके चालवायला, आणि मागे झूरा आपा, आमची स्वयंपाकीण. नातवाच्या पाळण्याची मेजवानी होती, म्हणून मांडीवर बोरसोकची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, ही एवढी परात, फडक्यात बांधलेली. मुकी त्या दिवशी पहाटे सहाला येऊन गेली होती. बुलडोझरने नऊपर्यंत रस्ता मोकळा केला, म्हणून तर आम्ही निघालो. मुकीच्या खाली पोचलो, आणि समोर अडतीस नंबर उतरली. डोळ्यांदेखत! रस्ताच नाही, नुसती पांढरी भिंत. ओस्कोन आकेंनी जीप मागे घ्यायला गिअर टाकला, तर मागे चाळीस नंबर. बारा वाजून दहा मिनिटं. दोन्हीकडे बंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. आम्ही मधे, कुपीत पडलेल्या माशीसारखे.

मी रेडिओवर ओरडले. तेमिरकुल आके म्हणाले, "बुलडोझर उद्याच येईल. कुठे आहात?"

"मुकीच्या खाली."

"मुकीच्या?" त्यांनी परत विचारलं.

ओस्कोन आके म्हणाले, "त्यात काय! मुकी सकाळीच रिकामी झाली. आता इथल्याइतकी सुरक्षित जागा नाही. हीटर आहे, बोरसोक आहेत, झूरा आपांच्या शिव्या आहेत. बसायचं."

"शिव्या पुरवून वापरते," आपा म्हणाल्या, "तू उद्यापर्यंत पुरायला हवास."

दुसरा रस्ता एकच. मागे, चाळीसच्या ढिगावरून तीनशे पावलं चढून गेलं की रस्त्यावर काँक्रीटचं छत आहे. त्याच्या आत गेलं की डोंगर पडला तरी भीती नाही. पण चाळीस परत आली, तर ती तीनशे पावलं म्हणजे आमची कबर. आणि मुकी परत आली, तर जीप म्हणजे कबर. एवढाच प्रश्न हो, दोनातली कुठली घळ त्याच दिवशी परत येते?

रेडिओवर आके म्हणाले, "दोरा कुठल्या खणाला होता ते आठव."

"कसला दोरा?"

"लाल दोरा! माझ्या आधी वालेंतिना होती इथे, तिने बांधलेले. जी घळ एकदा येऊन भागत नाही, त्याच दिवशी परत येते, तिला लाल दोरा. मुकीला होता की चाळीसला?"

मी मनगटाकडे बघितलं. नऊ दोरे, सगळे सारखे. कुठला कुठल्या खणाचा, काही कळेना.

"आके, मी ते कापले."

आके म्हणाले, "बरं."

'बरं' एवढंच! ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला तोंडपाठ असेल ना आके? तीस वर्षं तुम्ही—"

"तोंडपाठ असतं तर पेटी कशाला ठेवली असती? डोकं खोटं बोलतं पोरी. एका हिवाळ्याचं दुसऱ्याला लावतं. कॉम्प्युटर मेलाय, विजेचा खांबच गेला. सांग, तुझे गठ्ठे कुठे आहेत?"

गठ्ठे खिडकीखाली होते. शेहेचाळीस. प्रत्येक सोडायचा, त्यातून एकोणचाळीस आणि चाळीस शोधायचे, वाचून दाखवायचे. पूर्वी दोन खण उघडले असते की संपलं. त्यांना मोतीबिंदू आहे, माहितीये ना? एका गठ्ठ्याला तीन-चार मिनिटं. मला त्यांच्या रबराचा आवाज ऐकू येत होता. टप्प. मग कार्डांची सळसळ. मग, "या हिवाळ्यात चाळीस एकदा. मुकी नाहीच." टप्प. "चाळीस एकदा. मुकी एकदा." टप्प. आणि काचेतून वर बघितलं की नुसता पांढरा उतार, शांत. मान दुखली माझी वर बघून. दार उघडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. आपांनी एक बोरसोक माझ्या हातात कोंबला, तो तसाच हातात भिजून गेला.

नववा गठ्ठा. "मुकी, पहाटे पाच. मुकी..." आके थांबले. "मुकी, दुपारी एक."

ओस्कोन आके म्हणाले, "एकदा होतं असं. एकदा तर माझी बायकोही माझं बरोबर म्हणाली होती."

तेरावा. "मुकी, सकाळी सहा. मुकी, दुपारी दोन."

दोन्ही वेळा आठ तास. पहाटे सहानंतर आठ तास म्हणजे किती? मी बोटांवर मोजलं, चक्क बोटांवर! दोन. आणि घड्याळात एक वाजून पाच.

"चाळीसचं काय आके?"

"आत्तापर्यंत चाळीस एकदाच. पण तेहेतीस गठ्ठे राहिलेत पोरी. मी सांगू शकत नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मी खण उघडला असता."

बघा, यात राग नव्हता. खरंच तेच केलं असतं त्यांनी. आणि मी तिथे बसलेली, माझ्याच लेबलांच्या मागे कोंडलेली. थांबावं तर मुकी, निघावं तर न वाचलेले तेहेतीस गठ्ठे. ओस्कोन आके गाडी सोडायला तयार नाहीत, म्हणाले, "माहीत नसताना ढिगावर चढायचं? इथे निदान गरम तरी आहे." आणि मी? जिने दोरे कापले तिने काय सांगावं?

शेवटी झूरा आपांनी परात उचलली. "माहीत आहे तेवढ्यावर चालू. ऊठ रे, तुझी जीप काय तुला रडणार आहे?"

निघालो. हातातला रेडिओ माझ्या गळ्यात. एकामागे एक, मधे दहा-दहा पावलं सोडून, कमरेपर्यंत रुतत. कोणी बोलायचं नाही. तीनशे पावलं मी मोजत होते, एकशे चाळीसला आकडा विसरले, आणि विश्वास ठेवा, मला परत पहिल्यापासून मोजावंसं वाटलं! छताखाली पोचलो तेव्हा एक पस्तीस. आपांची परात अजून बांधलेली.

एक बेचाळीसला मुकी आली. आवाज नाही. नुसती हवा ढकलली गेल्यासारखी झाली, कान बंद झाले, आणि मी वळून बघितलं तर जीप नव्हती.

आके तिकडे वाचतच होते. त्यांना कळलंच नव्हतं. "तेविसावा," म्हणाले. "चाळीस, सकाळी दहा. चाळीस..." कार्ड उलटल्याचा आवाज. "चाळीस, साडेअकरा. पोरी? पोरी, कुठे आहेस?"

दीड तासाचं अंतर! बारा दहाला आली होती ती. हिशेब करा, दीड तासाने आम्ही कुठे होतो? छताखाली येऊन पाचच मिनिटं झाली होती. दोन्ही खणांना दोरा होता. पेटी होती तशी असती तर आके पहिल्याच मिनिटाला म्हणाले असते, दोन्ही येतात, लगेच पळा. बारा वाजून अकरा मिनिटांनी! चाळीस त्या दिवशी परत आली नाही. का नाही आली, ते कुठल्याच कार्डावर नाही.

उन्हाळाभर आम्ही दोघांनी सगळं परत खणांत लावलं. वेळा जुळवून जुळवून दोनदा येणाऱ्या घळी शोधल्या. आठ सापडल्या. प्रत्येकीला मी नवी लोकर बांधली. पण दोरे नऊ आहेत ना. वालेंतिनाने नववा कशावरून बांधला, तिने काय बघितलं होतं, कार्डांत कुठेच नाही. आणि तिला विचारायला आता उशीर झालाय. आके म्हणतात, "हातातच असू दे. जिचा आहे ती सांगेल." सांगेल म्हणजे कशी सांगेल, ते मी विचारत नाही.

तर तुम्ही नव्या वर्षाला खिंडीतून जायचं म्हणताय. जा. छताबाहेर कुठेही गाडी थांबवायची नाही. फोटोला नाही, चहाला नाही, एरमेक, तुझ्या त्या पाच मिनिटांनाही नाही.

"मग त्या आठ घळी सांग ना, तेवढ्या टाळतो."

आठ सांगेन रे. राहिलेल्या त्रेपन्नांतली नववी कुठली, ते सांग म्हणालास तर काय सांगू?