एर्लिंदा खाडीत उतरली तो दिवस

मित्रांनो, फार हलणं आता माझ्याच्याने होत नाही, म्हणून पडल्या जागेवरूनच बोलते. मी फायबरची एक म्हातारी होडी. दूरदेशी, बाहा नावाच्या वाळवंटी किनाऱ्यावर, एका पत्र्याच्या शेडमध्ये, साच्यात घालून मला घडवलं. तेव्हा माझा निळा रंग असा झळकायचा की पेलिकन पक्षी माझ्यावर बसायला बिचकत. आता खुशाल बसतात, आणि घाणही करतात.

माझा सगळा जन्म ‘गाव्हियोता’ नावाच्या लहानशा जहाजाच्या चाकरीत गेला. हिवाळा आला की जहाज पाहुण्यांना घेऊन निघे. उथळ पाण्यात त्याचं काही चालत नसे, तिथे मी लागे. निवडुंगांच्या ओसाड बेटांवर पाहुण्यांना उतरवायचं, समुद्रसिंहांच्या खडकांपाशी न्यायचं, आणि करड्या देवमाशांच्या माद्या पिल्लं घेऊन राहतात त्या खाडीत उभं राहायचं. देवमाशाला हात लागला की पाहुणे रडत, एकमेकांना मिठ्या मारत. मला कुणी मिठी मारली नाही. माझ्या तळावर ठिगळावर ठिगळ चढत गेलं. मला चालवणारा मेलितोन दर वर्षी म्हणे, “एवढा एक हंगाम काढ गं, म्हातारे.” मी काढत राहिले. खरं सांगते, मी फार दमले होते.

मेलितोनची थोरली बहीण एर्लिंदा जहाजावर स्वयंपाक करी. तिच्या माशाच्या रश्श्याला तोड नव्हती आणि तिच्या जिभेलाही. जहाज खाडीत शिरलं की मात्र ती स्वयंपाकघराची खिडकी लावून घेई. दोघं लहान असताना त्यांचे वडील या खाडीत मासेमारीला आले, देवमाशाने त्यांची होडी फोडली आणि ते परतलेच नाहीत. भाऊ पुढे त्याच देवमाशांवर पोट भरू लागला, हे तिने कधी माफ केलं नाही. आता गुडघे धरले म्हणून ती नोकरी सोडून डोंगरापलीकडे लेकीकडे कायमची निघाली होती. जाण्याआधी तिच्या मनातली ही अढी सुटावी, एवढंच मेलितोनला हवं होतं. पण वाघिणीच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

तिच्या शेवटच्या सफरीत पाहुणे सकाळीच वाळूच्या टेकड्यांवर फिरायला उतरले होते. त्यांचं जेवण तिकडेच पोचवायचं होतं. वारा होता, रश्श्याचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं, आणि एर्लिंदाचा ते धरण्याबाबत कुणावरही भरवसा नव्हता. शेवटी पुटपुटत ती स्वतःच माझ्यात उतरली आणि पातेलं मांडीशी घेऊन बसली.

“खाली बघू नकोस, ताई. समोर किनाऱ्याकडे बघ.”

“मी रश्श्याकडे बघतेय. सांडला तर तुला उपाशी ठेवीन.”

वाटेत समोर फवारा उडाला. देवमासा दिसला की होडी थांबवायची, हा इथला नियम. मेलितोनने मला थांबवलं, इंजिन मात्र धडधडत ठेवलं.

“बंद कर ते धुराडं! रश्श्याला वास लागतोय.”

“बंद करायचं नसतं गं. आवाजावरूनच देवमाशाला कळतं, आपण कुठे आहोत.”

“मोठी कोण, तू का मी?”

म्हातारा झाला तरी धाकटा तो धाकटाच. त्याने इंजिन बंद केलं. इतक्या वर्षांत ही चूक त्याने कधी केली नव्हती.

क्षणभराने माझ्या तळाला काहीतरी टेकलं आणि मी पाण्यातून वर उचलली गेले. माझी जुनी ठिगळं करकरली. पातेलं कलंडलं, रस्सा माझ्या अंगभर झाला. मला वाटलं, संपलं सगळं. मेलितोन इंजिनाची दोरी ओढत होता, ते काही लागेना. तेवढ्यात एर्लिंदाने ओगराळं उचललं आणि माझ्या कुशीवर ठणाठण ठोकायला सुरुवात केली. देवमासा जवळ आला की होडी ठोकायची, हे तिचे वडील करत. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

खालचा रेटा थांबला. मग अगदी हळू, जपून, खालच्या देवमाशाच्या मादीने मला पाण्यावर ठेवलं आणि ती शेजारी वर आली. तिच्या कडेला पिल्लू होतं.

एर्लिंदाचं ओगराळं हवेतच राहिलं. ती काठावरून वाकून बघू लागली.

“मेलितोन, हिची मान बघ. किती खोल खळगा पडलाय! खाते काय ही?”

“काही नाही. इथे असेपर्यंत त्या जवळजवळ उपाशीच असतात. पिल्लाला पाजायचं, बस.”

“बाळंतीण, आणि उपाशी?” तिने ओगराळं खाली टाकलं. “आणि हिच्याभोवती तुम्ही दिवसभर होड्या नाचवता? लाज नाही वाटत?” मग हळूच म्हणाली, “बाबा अशाच एखाद्या आईच्या आणि पिल्लाच्या मधे आले असतील का रे?”

“आले असतील. मला तसंच वाटतं.”

“मग कधी बोलला नाहीस?”

“तू कधी बोलू दिलंस?”

ती रडली. मेलितोन पाहुण्यांना शिकवतो तसं म्हणाला, “हात लाव, ताई. लावू देईल ती.”

“नको. दमलीये ती. माझ्या हाताने तिचं काय पोट भरणार आहे?” तिने डोळे पुसले. “इंजिन पुन्हा लावून बघ, आणि बाजूने घे. सावकाश.”

किनाऱ्यावर रस्सा नाही म्हणून पाहुणे आधीच खट्टू झाले होते. कोरड्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, आणि घेवडा वाढता वाढता एर्लिंदाने जाहीर केलं, “दुपारी कुणी देवमाशांकडे जाणार नाही. बाळंतिणीला झोपू द्या.” कुरकुर झाली, पण तिच्यापुढे कप्तानाचंही चालत नसे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी भर दुपारी वाळूवर नुसती पडून राहिले. मेलितोन आणि एर्लिंदा माझ्या सावलीत पाठीला पाठ टेकून झोपले होते.

मित्रांनो, सुंदर काही दिसलं की हात आपोआप पुढे जातो. तुमचाही जाईल. पण त्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा, आणि ते जेवलंय का, एवढं विचारा.