उजेड नसलेल्या पेशी

"रक्ताची दुसरी पिशवी नाही का?" मॅडमनी विचारलं.

"नाही. हीच आहे," ती म्हणाली आणि फ्रीजचं दार लावून घेतलं.

मलेरियाचे परजीवी प्रयोगशाळेत जगवायचे, त्यांना ताजं रक्त पुरवायचं, हे तिचं काम. तिला सगळे गमतीनं 'डासांची मावशी' म्हणत. रक्त संस्थेतलीच माणसं द्यायची. हातातली पिशवी तिच्या नवऱ्याची होती. तो संस्थेची गाडी चालवायचा. रक्त देऊन उठताना म्हणाला होता, "घरी पितेस ते कमी पडतं वाटतं?" पुढच्याच आठवड्यात फाटकाशी गाडी उभी करून स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते परत उचललं नाही.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "बाहेरून मागवू."

"तोवर हे परजीवी मरतील. आणि तो वॉर्डातला पेशंट?"

त्या पेशंटला कुठलंच औषध लागू पडत नव्हतं. कुठलं पडेल, ते त्याच्याच अंगातून काढलेल्या या परजीवींवरून कळणार होतं. मॅडमनी हातमोजे पुढे केले. तिनं मन घट्ट केलं आणि पिशवीला कात्री लावली.

परजीवी पेशींत चांगले रुजल्यावर, ते जोमात आहेत का हे बघायला तिनं त्यात रंग घातला. कॅल्शियम साचेल तिथे हा रंग हिरवा उजळतो. धडधाकट लाल पेशी आत कॅल्शियम साचू देत नाही. शिरलं की तिच्या आवरणातले पंप ते बाहेर फेकतात. पण परजीवी घुसताना पेशीचंच आवरण अंगाभोवती ओढून घेतो. मग ते पंप आतबाहेर उलटे होतात आणि कॅल्शियम त्याच्याच खोलीत भरत राहतात. कितीतरी नवख्यांना तिनं हे हसतखेळत शिकवलं होतं. आज डोळा भिंगाला लावला आणि तो काढवेना. काळोखात हिरवे ठिपके लुकलुकत होते. माणूस गेला होता, आणि त्याच्या पेशी अजून राबत होत्या. परक्यासाठी.

घरी तिनं ताट बाजूला सारलं. सासूनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं बोलून गेली. आता ही माऊली आकांत करणार, असं तिला वाटलं. सासूनं तिचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "मला दाखव."

मॅडमनी परवानगी दिली. सासूला पांढरा कोट चढवला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत तिला स्टुलावर बसवलं.

"तो आजारी माणूस कसा आहे गं?"

"एक औषध लागू पडलंय, आई. ताप उतरतोय."

"बरं झालं." सासूनं डोळा लावला. "अगंबाई! केवढं चमकतंय! हा माझ्या लेकाचा उजेड?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही, आई. तो त्या किड्याभोवतीचा. किडा जिथे नाही, त्या पेशी काळ्याच राहतात. त्या तुमच्या लेकाच्या, चांगल्या आहेत."



"कुठे? मला नाही दिसत."

"दोन ठिपक्यांच्या मधे बघा. अगदी पुसट, गोल गोल."

सासूनं कोटाच्या बाहीनं डोळा पुसला आणि पुन्हा लावला.

"हां," ती हळूच म्हणाली. "दिसल्या. थांब जरा, बघू दे."