दुधात उतरलेली झोप

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकीचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. या सातपुरात पंचेचाळीस वर्षं मी बाळं-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालते आहे. माझ्या या पसरलेल्या पायांवरून अकरा हजार बाळं गेली. एक तर न्हाता न्हाताच उठून दप्तर घेऊन शाळेत निघालं.

"अकरा हजार? मावशी, मागच्या बारशाला आठ हजार होती!"

मधल्या काळात लोकांना पोरं झाली नाहीत का गं? गप ऐक.

तर दिशा, तू इथं हिरवी साडी नेसून, फुलांच्या मुकुटात बसून आत्ता काय म्हणालीस? "चिमणामावशी, माझंही बाळ वेदिकासारखं शांत झोपू द्या, तसा हात लावा." तुझं डोहाळजेवण आहे, तुला नाही म्हणू नये. पण तू राहतेस येवल्याला. तुझी ही भाची कशानं झोपत होती, ते तुला फोनवर कुणी धड सांगितलेलं दिसत नाही. तुझी वहिनी आत पुऱ्या तळते आहे. तिचा घाणा संपायच्या आत मी सांगून मोकळी होते. आणि कुसाताई, तुम्ही तिच्या सासू, तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तर मधे बोलू नका.

"मी कशाला बोलू? सांग, चिमणे, सांग. मलाही नव्यानं कळेल."

बघा, बोलल्याच.

वेदिका संक्रांतीच्या आठवड्यात झाली. गुलाबी, दणकट, आवाजाची पोर. पण तुझ्या वहिनीची, तेजस्विनीची झोप जी उडाली ती उडालीच. तुझा भाऊ संतोष कंपनीत तिसऱ्या पाळीला, कुसाताईंचे गुडघे दुखरे. पोर झोपली तरी हिचे डोळे उघडेच. पाठीला तेल लावताना रडायची, मुकाट्यानं. म्हणायची, "मावशी, मला चार तास झोप मिळाली ना, तर मी पुन्हा माणसात येईन."

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी दारात त्र्यंबकचा एक साधू आला. जटा एवढ्या लांब की साधू या उंबऱ्यावर आणि जटांचं टोक पपया नर्सरीच्या चौकात रिक्षांना आडवं आलेलं. त्यानं झोळीतून एक पुडी काढली. वाटलेली भांग. म्हणाला, "रोज खसखशीच्या दुधात चिमूटभर घाल. झाडाचा पाला आहे, शंकराचा प्रसाद आहे."

तेजस्विनीनं विचारलं, खोटं नाही सांगत, दोनदा विचारलं, "मी अंगावर पाजते. बाळाला काही होणार नाही ना?"

साधू म्हणाला, "पंचेचाळीस वर्षांत एका बाळंतिणीची तक्रार नाही."

झालं. पोरगी झोपली. आणि तिच्या मागोमाग वेदिका झोपली. झोपली म्हणजे काय झोपली! शेजारी लग्न होतं, दारात ढोलपथक उभं राहिलं. भिंतीवरचं घड्याळ पडलं, पत्र्यावरची तीन कबुतरं पडली, आणि या बयेनं नुसती जांभई दिली. मांजर तिच्या पाळण्याखाली बसलं तर तेही आठ दिवस उठेना. उंदीर त्याच्या अंगावरून जा-ये करत होते.

"काहीही हं, मावशी!"

आणि मी काय करत होते? मिरवत होते. आमच्या धंद्यात न्हाऊन आलेलं बाळ जितका वेळ झोपेल तितकं मालीशवालीचं नाव मोठं. गल्लीतल्या बायका दुपट्यात डोकावून म्हणायच्या, "किती गुणी बाळ! चिमणाबाईचा हातच तसा." मी पदर सावरत म्हणायची, "हाताला गुण लागतोच." पोर पायावर घेतली की ओल्या टॉवेलासारखी लोंबायची. पूर्वी पहिल्या तांब्याला घर डोक्यावर घेणारी पोर डोक्यावरून पाणी गेलं तरी हूं की चूं करत नव्हती. मला वाटायचं, सवय झाली तिला माझी.

मग बाराव्या दिवशी सकाळी मी तिची टाळू भरायला घेतली. रोजच्यासारखी तेलाची धार सोडली. तेल इकडंतिकडं ओघळतं ना? ओघळलं नाही. वाटीत थांबावं तसं थांबलं.

हसू नका आता. यात काही थाप नाही. टाळू खाली गेली होती. जुलाबानं सुकलेल्या बाळाची अशी टाळू मी पूर्वी बघितली आहे. लंगोट चाचपला, कोरडा. तेजस्विनीनं छातीशी धरली, तर दोन घोट ओढले आणि तोंड उघडं टाकून पुन्हा झोपली. तळव्यावर टिचकी मारली, कान चोळला. डोळे किलकिले झाले नि मिटले.

"सकाळपासून कितीदा प्यायली गं?"

तेजस्विनी आठवत राहिली. तिलाही गुंगीच. "काल... काल दुपारी नीट प्यायली वाटतं."

संतोष नुकताच पाळीवरून आला होता, त्यानं डबासुद्धा खाली ठेवला नाही. रिक्षात बसलो. डॉक्टरीणबाईंनी पोर काट्यावर ठेवली. महिन्याची असताना साडेतीन किलो भरली होती, आता सव्वातीन. त्यांनी सुई टोचून साखर बघितली, सलाइन लावली आणि आमच्याकडे वळल्या.

"आई काही घेते का? झोपेची गोळी, काढा, तंबाखू, काहीही?"

संतोष म्हणाला, "नाही." कुसाताई म्हणाल्या, "घरचं दूधतूप." तेजस्विनीसुद्धा मान हलवून नाही म्हणाली. लबाडी नव्हती हो तिची. तिच्या मनात तो प्रसाद होता, त्याला कुणी 'काही घेणं' म्हणतं का?

डॉक्टरीणबाई दुसऱ्या तपासण्या लिहायला लागल्या. मेंदूत ताप शिरला का, पाठीतून पाणी काढावं लागेल का, असलं काहीतरी. एवढ्याशा पोरीच्या पाठीत सुई! आणि तेवढ्यात, विश्वास ठेवा न ठेवा, दवाखान्याच्या दारातून तोच साधू आत आला. जटा गोळा करत थेट डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पोरीला टोचू नका. मी हिच्या आईला भांग दिली. बारा दिवस. चूक माझी आहे."

"साधूला पत्ता कुणी दिला?" दिशा, तुझं लक्ष भलतीकडं.

मला वाटलं, बाई त्याला हाकलून देतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मग आम्हाला समजावलं. भांग, गांजा, सगळं एकाच झाडाचं. खाल्लं काय, ओढलं काय, आईच्या अंगातल्या चरबीत जाऊन बसतं आणि तिथून थोडं थोडं दुधात उतरतं. आज बंद केलं म्हणून उद्या जात नाही, दिवसच्या दिवस राहतं. बाळ मग उठत नाही, ओढत नाही, वजन धरत नाही. तेजस्विनीनं घाबरत विचारलं, "पुढं काही राहील का तिला?"

"खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "बारा दिवसांत थांबलंय, ही चांगली गोष्ट आहे. दर महिन्याला आणा, आपण बघत राहू."

आठवडाभर पोरीला वाटी-चमच्यानं डब्याचं दूध, दर दोन तासांनी उठवून. तेजस्विनीनं आपलं दूध पिळून ओतून द्यायचं, म्हणजे आटणार नाही. मोरीत ते दूध ओतताना तिचा चेहरा मला बघवत नव्हता. "मावशी, ती पुन्हा माझ्याकडे येईल का? की वाटीचीच सवय लागेल?" मी म्हटलं, येईल. बाईंनी तिच्या झोपेसाठीही वेगळी डॉक्टर गाठून दिली, अंगावर पाजताना चालणारं औषध मिळालं. आणि संतोषनं पाळी बदलून घेतली. कंपनीत पोरं चिडवायची, "काय रे, मालीशवाला झालास का?" तो म्हणायचा, "हो, तुझ्याही बाळाला लावतो, घेऊन ये."

नवव्या दिवशी बाईंनी परवानगी दिली. मी वेदिकाला पायावर घेतलं, तांब्या भरला, डोक्यावर ओतला.

आणि ती रडली! अशी रडली, पोरींनो, की कंपन्यांतल्या लोकांना वाटलं भोंगा झाला. पहिली पाळी दोन तास आधी सुटली. सातपूरच्या रस्त्यावर मोटरसायकलीच मोटरसायकली! तशीच ओली तिला आईच्या छातीशी दिली. घटकाभर चाचपडली, तोंड फिरवलं, आणि मग जी धरली ती अर्धा तास सोडेना. आता बघ दिशा, ती तुझ्या मुकुटाची फुलं तोडते आहे. रांगते, चावते, एक क्षण बसत नाही. तर तुझ्या बाळासाठी देवाकडे झोप मागू नकोस, भूक माग. आणि त्र्यंबकचा साधू दारात आला तर...

"मावशी!"

आली का तू? झाल्या पुऱ्या?

"केव्हाच झाल्या. झारा हातात धरून दाराशी उभी आहे मी. कबुतरं पडली, पाळी सुटली, ते सगळं चालू दिलं. पण साधू कुठला हो? पुडी तुमच्या बटव्यातली होती. आणि डॉक्टरांपुढे हात जोडून 'चूक माझी' म्हणणाऱ्याही तुम्हीच होतात. म्हणून तर माझी पोर अजून तुमच्याच पायांवर देते मी!"