सरू रडली ते बरं झालं

टाचणी पदरातून आरपार गेली होती, पण टोक काही लपलं नव्हतं. खांदा जरा हलला की ते बिल्ल्यामागून टोचत होतं – लाल सॅटिनची चुणीदार फीत, मधोमध गोल पुठ्ठा आणि त्यावर सोनेरी अक्षरं. 'प्रमुख अतिथी', भूमिकानं वाचून दाखवलं होतं, आणि वर म्हणाली होती, "मोठी आई, आता तुझा रुबाब आमदारापेक्षा जास्ती." चेष्टेखोर पोर... बायजाबाईनं अंगठ्यानं टोक दाबून धरलं. पहिल्या रांगेत बसायचं म्हणजे पाय कुठं ठेवावेत कळत नाही, समोर कुणाची पाठ नसते, लपायला काही नसतं. एका बाजूला भूमिका आणि दुसऱ्या बाजूला मालू. तिची सवत. भूमिकाची सख्खी आई.

पडद्याआडून कुणी बाप्या भारदस्त आवाजात सांगत होता, की हे संगीत नाटक एका धवलारणीच्या जीवनावरून प्रेरित आहे, मात्र यातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत... दोन्ही एकदम कसं असेल? सकाळी पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघताना तिच्या मनात आलं होतं, की नाटक लिहिणाऱ्या त्या नमिताला फोन लावून सरळ विचारावं – गो पोरी, ते घेतलंस का नाटकात? – पण मालू शेजारीच पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, आणि तिच्या देखत 'ते' म्हणजे कुठलं, हे कसं बोलणार? रोह्याजवळ वरसेला भूमिकाच्या घरी जेवताना पुन्हा तेच. भात ताटात नुसता चिवडत राहिली. "मोठी आईला टेन्शन आलंय," भूमिका म्हणाली. व्हय बाई, टेन्शनच ते.

पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावांत लग्नाला भटजी येतो, मंत्र म्हणतो, दक्षिणा घेतो, जातो. लग्न चालवते ती धवलारीण. हळद दळायची, मांडवाची मेढ रोवायची, देवांना बोलवायचं, नवरीला न्हाऊ घालायचं – प्रत्येकाचा धवला, म्हणजे लग्नगीत, वेगळा, आणि तो गाऊन झाल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. ढोलकी नाही, पेटी नाही. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं मागून उचलायची. आणि धवलारणीला धाक एकच – रडायचं नाही. नवरीनं रडावं, नवरीच्या आईनं हंबरडा फोडावा, त्यांचा तो मानच असतो. पण धवलारणीचा गळा भरून आला की ओळ तुटते, आणि तुटलेला धवला पुन्हा पहिल्यापासून गावा लागतो. म्हणून जनूच्या दुसऱ्या लग्नात बायजा रडली नाही, असं सगळा गाव धरून चालला होता. जनू तिचाच नवरा. तिची कूस उजवेना म्हणून सासूनं त्याला दुसरी बायको बघितली, मालू. आणि गावात दुसरी धवलारीण धड नव्हती, म्हणून नवऱ्याच्या लग्नाचे धवले बायजानंच गायले. काय काळीज म्हणायचं बाईचं, असं लोक म्हणाले. तेव्हापासून तिचं नाव घेताना गावात आवाज जरा खाली येतो. मानानं. दयेनंसुद्धा.

मला ती दया पुरली की जन्मभर. तिच्यावर पोळी भाजून घेतली असंही म्हणा हवं तर.

तर असं सगळं घडी घालून ठेवलेलं असताना ती नमिता आली, कापलेल्या केसांची, धवले रेकॉर्ड करून घ्यायला. मालू पेणला बाजाराला गेली होती. बायजाबाई ओट्यावर सुकट निवडत होती, आणि पोरगी शेजारी फतकल मारून तिच्याबरोबर निवडायला लागली, तिथंच फसगत झाली. हात कामात असले की तोंड सैल सुटतं. "त्या लग्नात तुम्हाला कसं वाटलं, आजी?" हा प्रश्न आजवर ज्यांनी ज्यांनी विचारला त्यांच्या डोळ्यांत आधीच पाणी असायचं, म्हणजे उत्तर काय द्यायचं ते ठरलेलंच. हिच्या डोळ्यांत काही नव्हतं. ही नुसती थांबली. आणि बायजाबाईच्या तोंडून निघून गेलं – "सुटल्यासारं वाटलं गो."

मग काय, धरण फुटलं. नवस, उपास, गंडेदोरे, कुणाकुणाच्या पायरीवर पदर पसरून बसायचं ते... दर महिन्याला सासूनं दोरीवरच्या वाळत्या कपड्यांकडे बघायचं आणि मग दिवसभर भांडी आपटायची... जनूचा तोल सुटला की मार खायला पुढे यायची ती बायजा... मांडवात त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा दुसरीच्या पोटावर गेल्या आणि बायजाला वाटलं, अंगावरून कुणी ओलं घोंगडं काढून घेतलं. पुढे तर ती गावोगाव लग्नं गात हिंडली, कोण अडवणार? घर सांभाळायला मालू होती. हे सगळं त्या पोरीला सांगून झाल्यावर बायजाबाईच्या ध्यानात आलं, की पोरीच्या मांडीवरचं ते रेकॉर्डिंगचं यंत्र चालूच आहे.

पडदा वर गेला. मांडव, तोरणं, आणि मधोमध सरू – बायजाचं नाव नाटकात सरू ठेवलं होतं. गोरीपान, नाजूक. मिठागराच्या उन्हात ही दुपारपर्यंत टिकली नसती. पण गळा चांगला होता. पोरगी मनापासून गात होती, आणि मागे पेटी, व्हायोलिन, तबला असा सगळा लवाजमा. बायजाबाईला गाणं ऐकूच येत नव्हतं. तिला दिसत होती ती डाव्या डोळ्याच्या कडेनं मालू, तोंडाला पदर लावून टक लावून बघणारी.

घरात आल्यापासून मालूनं कधी वर तोंड करून उत्तर दिलं नाही. पहिली भाकरी बायला – बायजाला ती बायच म्हणायची. लुगडं आणलं की निवड बायची. भूमिका झाली तेव्हा अंग पुसून आधी बायच्या मांडीवर दिली. जनू गेला, मग तर दोघीच उरल्या. मालू धवले शिकली, मागून ओळ उचलायला लागली. बायजाबाईनं हे सगळं घेतलं, कारण तिला ते ठाऊक होतं – मालूला वाटतं, आपण हिचं काहीतरी हिसकावून घेतलंय, त्याची भरपाई चालू आहे. आता सरूनं तिथं उभं राहून 'सुटले बाई' म्हटलं, की मालूला कळणार, हिसकावलेलं काहीच नव्हतं. उलट बायजाच्या गळ्यातलं लोढणं सोडून आपल्या गळ्यात बांधलं गेलं आणि ती वर गात उभी होती. मग? मालू भांडणार नाही. ती गप्प होईल. त्या घरात, दोघींच्या त्या चुलीपुढे, मालू गप्प झाली तर...

आणि तो प्रसंग आला. नवरदेव बोहल्यावर, नवी नवरी खाली मान घालून, उजेड निळा झालेला. सरू पुढे आली. आता... आता म्हणेल... बायजाबाईनं डोळे मिटले. आधी व्हायोलिन रडलं, मग सरू, आणि बायजाबाईनं डोळे उघडले. ओळ टाकली, दुसऱ्या शब्दाला हुंदका, तिसऱ्याला गुडघ्यांवर बसली, मंगळसूत्र मुठीत धरून तिनं असा काही टाहो फोडला की बाल्कनीतून टाळ्यांचा कडकडाट झाला.

रडली! धवलारीण, ऐन धवल्यात! अगं, लग्न लागायचं नाही तुझ्या नवऱ्याचं अशानं... बायजाबाईचा आवळलेला जबडा सुटला, खांदे उतरले, आणि आपण कधीपासून लघवी धरून बसलोय हे तिला एकदम कळलं. वाचलो. ही मी नव्हेच. रड गो पोरी, रड. दोघींच्या वाटणीचं रड. मालूनं अंधारात तिचा हात धरला, मालूचा तळवा ओला होता. बायजाबाईनं तो घट्ट दाबला आणि जरा सुस्कारा टाकला, दुःखाचा वाटावा असा.

मध्यंतरात तिनं दोन बटाटेवडे खाल्ले. भूमिका बघतच राहिली.

दुसऱ्या अंकात सवतीनं सरूला दुधातून शेंदूर पाजला, तिचा आवाज बसावा म्हणून. बायजाबाईला पुन्हा धास्ती वाटली, आता मालूला लागणार. पण शेजारून खुसखुस ऐकू आली. मालू पदराच्या बोळ्यात हसत होती. "बाय," ती कानाशी लागली, "खरं सांग, मी तुला शेंदूर घातला व्हता?" "चहात घालत असशील," बायजाबाई म्हणाली, "रोज मेला कसातरीच लागतो." मग दोघी शाळेतल्या पोरींसारख्या तोंड दाबून हसल्या. बाजूच्या मॅडमनी 'शुक' केलं. पुढे सरूचा आवाज देवीच्या कृपेनं परत आला, ती मुंबईला गेली, मोठी झाली, मोटारीतून गावात आली... जा बाई, सुखी राहा. तुझं तुला, माझं मला.

पण एक बारीक खुपत राहिलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. जे दुःख मला झालंच नाही, ते हिनं हजार माणसांत मिरवलं. आणि माझा जो आनंद होता, तो कुणाला नकोच होता.

शेवटी शाल, नारळ. माईक तोंडापुढे आला – आजी, धवल्याच्या दोन ओळी होऊन जाऊ द्या. "लग्न कुणाचं हाय?" बायजाबाईनं विचारलं. निवेदक इकडेतिकडे बघायला लागला. "मग कसा गावा? बिनलग्नाचा धवला गात नाय आमच्यात." सगळं थिएटर हसलं, तिनं जिरवलेला निवेदकसुद्धा हसला.

विंगेत नमितानं वाकून पाय धरले. चेहरा उतरलेला. "आजी, रागावलात ना? तुम्ही सांगितलं होतं ते मी आधी घेतलं होतं, सुटल्यासारखं वाटलं ते. पण तालमीत सगळे म्हणाले, हे कुणाला पटणार नाही. कुठल्या बाईला असं वाटेल? मग मी..."

"बरं केलंस," बायजाबाई घाईनं म्हणाली. "लय बरं केलंस." आणि वळून बघते तर मालू तिच्या चपला हातात घेऊन मागेच उभी. ऐकलं? नाही ऐकलं? मालूनं चपला खाली ठेवल्या, सरळ करून, आणि म्हणाली, "चल बाय, गाडी चुकल."

रोह्याहून परतीच्या एस्टीत खिडकी मालूनं तिला दिली. नागोठण्याला कंपनीतली शिफ्ट सुटलेली माणसं चढली, डबे वाजवत, एकमेकांना हाका मारत. उन्हं कलली होती, शेतं पिवळी दिसत होती. बायजाबाई शब्द जुळवत होती – सांगावं, त्या पोरीनं माझ्या बोलण्याचा भलताच अर्थ घेतला... की वड्यांचं तेल खराब होतं म्हणावं आणि डोळे मिटून घ्यावेत...

"ती सरू उगाच रडली," मालू म्हणाली. समोर बघतच. "तू कुठं रडलीस?"

"धवलारीण रडत नाय."

"ते सगळ्यांना ठावं हाय. मी वेगळं सांगत्ये." मालूनं मांडीवरची पिशवी नीट केली. "मी तवा लय घाबरली व्हती गो. वाटत व्हतं, बोहल्यावरून उठून पळावं. दुसरीच्या घरात चाललोय, ती खाईल आपल्याला. डोकी खाली, काय दिसत नव्हतं. नुसता तुझा आवाज. आणि तो असा खुला व्हता, बाय... अख्ख्या मांडवात येवढं मोकळं कोन नव्हतं. मी म्हटलं, जिचं घर हाय तिचाच आवाज असा, म्हंजी हितं मला जागा हाय." तिनं दोन्ही तिकिटं पदराच्या गाठीला बांधली. "मंग नाय पळली."

कुणीतरी घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली, दोघेतिघे उतरले, पुन्हा चालू झाली. म्हणजे हिला ठाऊक होतं. त्याच दिवसापासून. मग मी इतकी वर्षं कुणापासून लपवत होते... आणि ही जे करत आली ते भरपाई नव्हती, तर मग काय होतं ते? विचारावंसं वाटलं. पण मालूनं डोळे मिटले होते, आणि तिचं डोकं गाडीच्या हिसक्यांबरोबर बायजाबाईच्या खांद्यावर आदळत होतं, बाजूला होत होतं, पुन्हा आदळत होतं.

बायजाबाई खांदा न हलवता बसून राहिली. खूप हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणात जराशी लाजही होती, दारं उघडी टाकून झोपल्यावर सकाळी वाटते तशी. चोरीला काहीच गेलेलं नाही; फक्त मालू आत केव्हा केव्हा येऊन गेली होती, ते आता एकेक आठवून बघायला हवं होतं.