हळदीच्या आधीची तारीख

माझ्या आईबापाचं लग्न झालं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. हे सांगितलं की शहापुरातली माणसं हसतात. हसोत बापडी. आमच्या पाड्यात यात हसण्यासारखं काही नाही. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडतात, एकत्र राहू लागतात, चूल मांडतात, पोरं होतात. लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण. तेवढा तांदूळ घरात जमला की करायचं, नाही जमला तर थांबायचं. तोवर बाईला कोणी कमी लेखत नाही. अट एकच, आईबापाला हळद लागल्याशिवाय पोरांना हळद लागत नाही. म्हणून पोराचं ठरलं की त्याच मांडवात सकाळी आईबापाचं उरकतात आणि संध्याकाळी पोराचं.

आमचा पाडा सापगावच्या पुढे. आई भिमी, बा राघो. बा टोकावड्याच्या पलीकडे एका आश्रमशाळेत कामाठी होता. सोमवारी पहिल्या एसटीने जायचा, शनिवारी यायचा. घराची जागा बाच्या नावावर, पण घर आईने उभं केलं. विटा तिने डोक्यावरून आणल्या, भिंती तिने लिंपल्या, आणि वाडीतली शेवग्याची झाडं आजही तिच्याच शिव्या खाऊन वाढतात.

२००३ च्या एप्रिलात माझ्या भावाचं, सुरजचं, काजलशी लग्न ठरलं. तेव्हा मी त्याला सुरजदादा म्हणत असे. आता नुसता सुरज. तर लग्नाच्या दिवशी सकाळी ठकीआजीने गाणी म्हणत आईला हळद लावली. ही ठकीआजी पाड्यातली सगळी लग्नं लावते. आईची निम्मी डोई पांढरी झालेली आणि ती नव्या नवरीसारखी खाली बघत होती. बायकांनी तिची इतकी थट्टा केली की विचारू नका. "भिमे, नवरा पसंत हाय का गो? नायतर आजून टाइम हाय, पलून जा," असं ठकीआजी म्हणाली तेव्हा आई तोंडाला पदर लावून हसत राहिली. चोवीस वर्षं संसार केलेली बाई, पण हळद लागल्यावर ती दिवसभर हात धुवायला तयार नव्हती. तिला इतकं खूश मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी बाचं शनिवारचं येणं कमी झालं. मग बंदच झालं. आश्रमशाळेत प्रमिला नावाची स्वयंपाकीण आहे, हे आम्हाला बाहेरून कळलं. आईने ते मनावर घेतलं नाही. पुरुष भटकतो आणि भूक लागली की येतो, असं तिचं मत होतं. बा आला तो थेट २००४ च्या डिसेंबरात, भर दुपारी, आणि दारातच उभा राहिला.

"भिमे, माजी बदली शापूरला झाली. घर मोकलं कर. प्रमिला येनार हाय."

"ती कोन?"

"बायको."

"न मी कोन रे?"

"तुला कोन मारून टाकतंय का? भावाकडं जा म्हनतो. आठ दिस घे."

आठ दिवस! किती उदार माणूस. आईने घागर उचलली आणि ती पाण्याला निघून गेली. बा बराच वेळ दारात उभा राहिला आणि मग परत गेला.

मी शहापुरात कोर्टासमोर झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. दिवसभर लोकांची भांडणं बडवायची, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, काडीमोड, वाटण्या. इतकी वर्षं वाटायचं, ही लफडी आपल्या घरची नाहीत. आमच्या दुकानात कमळाकर वकिलांचं काम येतं. तापट माणूस, पण फीसाठी गरिबाचा गळा धरणारा नव्हे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हळद लागली, लग्न लागलं, पाड्याने पाहिलं. मग घाबरता कशाला? तुमची आई लग्नाची बायको आहे. तिला घरातून काढता येत नाही आणि पोटगीही द्यावी लागेल. फक्त कोर्टात उभं राहून सांगणारा घरचा एक माणूस हवा."

"माझा भाऊ आहे ना," मी म्हटलं.

सुरजला विचारलं तर तो लगेच तयार झाला. आईच्या पायाशी बसून म्हणाला, "आये, तू कशाला घाबरतस? मी हाय ना." तो तेव्हा बाच्याच जुन्या आश्रमशाळेत रोजंदारीवर चौकीदार होता. स्वतःची नोकरी धोक्यात घालून हा आईसाठी उभा राहतोय म्हणून मला त्याचा अभिमान वाटला, आणि तसं मी दुकानात चार जणांना सांगितलंसुद्धा. आज ते आठवलं की माझीच मला चीड येते.

प्रमिलाशी बाने लग्न केल्याचं ग्रामपंचायतीत नोंदलेलं होतं. वकिलांनी त्या नोंदीची नक्कल मागवली. नक्कल आली त्या दिवशी आई, सुरज आणि मी, तिघंही दुकानात होतो. वकील आले, कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आधी दोन झेरॉक्स काढा."

पहिल्या पानावर तारीख होती बारा नोव्हेंबर २००२.

मी ती पुन्हा वाचली. आईची हळद एप्रिल २००३ ची. म्हणजे बाने आईला मांडवात बसवलं, तिच्या शेजारी बाशिंग बांधून हसत बसला, त्याच्या पाच महिने आधीच त्याने कागदावर दुसरी बायको केली होती. चोवीस वर्षं नांदलेली माझी आई कागदावर मागाहून आलेली ठरत होती.

नवऱ्याच्या माहितीत लिहिलं होतं, 'अविवाहित'. खाली तीन साक्षीदार. पहिला आश्रमशाळेतला कोणी शिपाई, दुसरा प्रमिलाचा भाऊ. तिसऱ्या जागी सुरजची सही होती. त्याच्या पत्त्याचा पुरावा म्हणून मागे आमच्याच रेशनकार्डाची झेरॉक्स जोडलेली. आमच्या मशीनच्या काचेला चीर आहे, तिची काळी रेघ प्रत्येक कागदावर उमटते. या कागदावरही ती होती. नोकरीला लागते म्हणून सुरजने माझ्याकडूनच ती काढून घेतली होती आणि मी त्याच्याकडून पैसेसुद्धा घेतले नव्हते.

मी मशीन बंद केलं. ते पान फाडून गिळावंसं वाटलं. आईला नुसती तारीख सांगावी आणि बाकीचं राहू द्यावं, असंही मनात आलं. माझी पाठ आईकडे होती, पण तिला माझी पाठही कळते.

"काय लिवलंय?" आईने विचारलं.

"बाचं न त्या बाईचं लग्न."

"सगलं वाच."

मी सुरजकडे पाहिलं. तो चपलेकडे बघत होता. मग मी तारखेपासून सहीपर्यंत सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही.

कमळाकर वकिलांनी कागद हिसकून घेतला, उलटा केला आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर बोट आपटलं. "हे बघा! वर लिहितो अविवाहित आणि मागे जोडतो काय? राघो, कुटुंबप्रमुख. भिमी, पत्नी. १९९१ चं कार्ड! मावशी, तुम्ही आधीपासून बायको होतात, हे यांच्याच कागदात आहे. तुमच्यात लग्न मागाहून लावायचा रिवाज आहे, तो सांगायला पाड्यातली माणसं आणू. यावर आपण लढू शकतो." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण मग हेही सांगावं लागेल, की सही करणाऱ्या मुलाला सगळं ठाऊक होतं आणि तरी त्याने खोट्यावर सही केली. याचं नाव सामनेवाल्यात घालावं लागेल. नोकरी जाईल, कदाचित त्याच्यावर वेगळी केसही होईल. त्याला वगळलं तर हा कागद लुळा पडतो."

सुरज आईच्या बाकापाशी खाली बसला. "आये, बा म्हनला नुसता कागद हाय, सरकारी कॉटर भेटायला लागतो. मला चौकीदारीला लावतो म्हनला. काजलच्या घरचे पगारी नवराच मागत व्हते. मी काय करनार व्हतो?"

"मंग मला हलद कशाला लावली?"

तो फरशीवर बोटाने रेघा मारू लागला.

"सांग ना रे. तुला तवा ठाव व्हतं का नाय?"

"व्हतं," सुरज म्हणाला. "तुला हलद नसती लावली तं काजलची मानसं मांडवात बसली नसती."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानेच घालवलं. मला वाटलं, आता आई रडेल आणि रडून झाल्यावर म्हणेल, जाऊ दे, पोराचं नाव नको, मी जाते भावाकडं. आया असंच करतात, मी रोज बघते. तिने तसं म्हटलं असतं तर मी तिच्याशी भांडले असते, आणि मनातून सुटकेचा श्वासही सोडला असता. तो माझा भाऊ होता.

"आये, काजलला सातवा लागलाय," सुरज म्हणाला.

"तिला मी नाय टाकायची. ती माज्या घरात बालंत व्हईल," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "रूपा, लिव. पयलं याचं नाव घाल."

वकील म्हणाले, "मावशी, पहिलं नाव नवऱ्याचं येतं."

"नवरा मी पसंत केलेला. चुकला तं मीच चुकले. चोवीस वर्सांत त्यानं मला कवा नीट विचारलं पन नाय, त्याच्याकडनं मला काय आस व्हती?" आता मात्र तिचा आवाज फुटला. "पन याला मी काय केलं व्हतं, वकीलसायब? माज्या अंगाला हलद लागली तवा यो माज्या फुडं उभा व्हता. मी याला म्हनलं, सुरज, आज मी बायको झाले रे. न यो हसला."

सुरज उठला आणि बाहेर गेला. रस्त्यापलीकडे कोर्टाच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. तिथून तो कुठे जात नव्हता आणि परतही येत नव्हता.

वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी टाइपरायटरमध्ये कागद चढवला, मधे दोन कार्बन घातले. एवढी नावं मी बडवली असतील, पण त्या दिवशी अक्षरं सापडत नव्हती. 'सामनेवाला क्रमांक एक' लिहून झालं आणि पुढे भावाचं नाव लिहिलं. आई उठून माझ्या मागे आली. तिला वाचता येत नाही. तिने त्या ताज्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं,

"हाच ना गो?"

"हाच," मी म्हटलं.